टप उचलणाऱ्या कॅम्पर व्हॅन ओळखायच्या कशा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात, पाचपाखाडीत राहते. आमच्याकडे टप उचलणारी गाडी नाही. काचेच्या कपाटात बोटभर लांबीच्या एकोणचाळीस आहेत. खऱ्या गाडीत झोपले ती तीन सुट्ट्यांमध्ये, दोनदा जर्मनीत आणि एकदा न्यूझीलंडमध्ये. एवढ्या भांडवलावर नातलगांनी माझी 'व्हॅनवाली मावशी' करून टाकली आहे. मे महिना लागला, पोरं परदेशी फिरायला गेली की फोनवर फोटो येऊ लागतात, 'मावशी, ही कुठली गं?' प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

पॉप-टॉप म्हणजे नक्की काय?

जिचा टप उभा राहतो ती. लहानपणी आपण एसटीच्या टपावर बोचकी चढवायचो. इथे टपच वर उचलायचा. त्याच्या खालची कनात ताणली जाते आणि आत माणूस ताठ उभा राहतो. वर बहुतेक वेळा दोघांची झोपायची जागा. टप खाली घेतला की पुन्हा साधी व्हॅन, आणि खरी मेख तिथेच आहे. फोक्सवॅगनच्या टी-६, म्हणजे सहाव्या पिढीच्या, कॅलिफोर्निया या कॅम्परची उंची टप मिटलेला असताना १.९९ मीटर भरते. आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या आडव्या दांड्यावर २.१ मीटर लिहिलंय, म्हणजे ती खुशाल आत जाईल.

मग ग्रँड कॅलिफोर्निया?

ती पॉप-टॉप नाहीच. क्राफ्टर या मोठ्या व्हॅनवर बांधलेली, कायमच्या उंच टपाची गाडी आहे. जवळपास तीन मीटर उंच. आमच्या गेटवर वॉचमनच अडवेल.

फोटो आला की तुम्ही आधी काय बघता?

बिजागरी. बाकीचं सगळं नंतर.

लोक नाव वाचतात, रंग बघतात, बाजूला रंगवलेले पट्टे बघतात. नावाची पट्टी शंभर रुपयांत चिकटवता येते आणि पट्टे कुणीही रंगवतं. टप कुठून उचलला जातो हे मात्र सहसा बदलत नाही, कारण तो बदलायचा तर छताचा पत्रा पुन्हा कापावा लागतो. टप उभा असताना बाजूने बघा. पुढची कड उंच आणि मागची टेकलेली असेल तर बिजागरी मागे. मागची उंच असेल तर बिजागरी पुढे. पुस्तकाच्या कव्हरासारखा एका कुशीवर उघडला असेल तर बिजागरी लांबीच्या बाजूला. चारही कोपरे सारखेच वर गेले असतील, जत्रेतल्या मांडवाच्या छतासारखे, तर बिजागरीच नाही, आत कैच्या आहेत. ऑस्ट्रेलियात टोयोटा हायएसवर असे टप पुष्कळ दिसतात. एवढ्या चार प्रकारांत निम्मा निकाल लागतो.

वेस्टफालिया हे गाडीचं नाव की कंपनीचं?

कंपनीचं. जर्मनीतल्या वीडेनब्रूकची, १८४४ सालची. मुळात लोहारकाम आणि घोडागाड्या. फोक्सवॅगननं १९५० मध्ये टाइप-२ ही व्हॅन काढली आणि १९५१ मध्ये वेस्टफालियानं तिच्यात बसवायची 'कॅम्पिंग बॉक्स' आणली. म्हणजे गाडी फोक्सवॅगनची, आतलं घर आणि वरचा टप वेस्टफालियाचा. आपल्याकडे चासी एका कंपनीची आणि बॉडी दुसऱ्याची असते ना, तसंच. पुढे लोक गाडीलाच 'वेस्टी' म्हणायला लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. त्यामुळे विकणारा 'वेस्टफालिया आहे' म्हणाला तर ते गाडीचं वर्णन नसून दावा आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

टी-१ आणि टी-२, म्हणजे त्या टाइप-२ व्हॅनच्या पहिल्या दोन पिढ्या, यांच्यातला फरक?

समोरची काच. दोन तुकड्यांची असेल आणि नाकावर इंग्रजी 'व्ही'सारखा आकार असेल तर टी-१. एकसंध, बाहेर फुगलेली काच असेल तर टी-२. जर्मनीत हा बदल १९६७ च्या ऑगस्टमध्ये झाला.

टी-२ वेस्टफालिया आधीची की नंतरची, हे कसं कळतं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली खूण अर्थातच बिजागरी. १९७३ पर्यंतच्या मॉडेलांचा टप पुढे जोडलेला आणि मागून वर होणारा. १९७४ च्या मॉडेलपासून उलट झालं: बिजागरी मागे गेली, टप पुढून उघडायला लागला आणि सामान ठेवायचा ट्रे ड्रायव्हरच्या डोक्यावर आला. लांबून, टप मिटलेला असतानाही हा पुढचा ट्रे दिसतो.

टप दिसत नसेल तर तोंडाकडे बघा. आधीच्या टी-२ चे पुढचे इंडिकेटर खाली, बंपरच्या जरा वर असतात, आणि बंपरची टोकं पायरीसारखी वळून दारापर्यंत येतात. १९७३ च्या मॉडेलपासून इंडिकेटर वर चढले, हवेच्या जाळीच्या दोन बाजूंना, आणि बंपर सरळसोट झाला. मागे जाऊन बघा: लहान, लंबगोल लाल दिवे म्हणजे आधीची, उभे, मोठे, चौकोनी म्हणजे १९७२ किंवा नंतरची.

आता गंमत. १९७२ च्या मॉडेलला मागचे दिवे नव्या पद्धतीचे आणि पुढचे इंडिकेटर जुन्या पद्धतीचे आहेत. अशी गाडी दिसली की लोक म्हणतात, ठोकलेली असणार, दुसरीचे पार्ट लावलेत. नाही हो, ती तशीच कारखान्यातून आली आहे. तिच्यावर उगाच संशय घेऊ नका.

आणि 'मॉडेल' म्हणजे कॅलेंडरचं वर्ष नव्हे. तिथे ऑगस्टमध्ये कारखान्याची सुट्टी संपली की पुढच्या वर्षाचं मॉडेल सुरू होतं. आपल्या शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं त्यातलाच प्रकार. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये तयार झालेली गाडी १९७२ चं मॉडेल असते. विकणारा एक साल सांगतो, कागद दुसरं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आतल्या मांडणीला वेस्टफालियानं शहरांची नावं दिली होती, बर्लिन, हेलसिंकी वगैरे. ओटा कुठल्या भिंतीला आणि कपाट कुठे, हे त्या नावावरून ठरायचं. पण पन्नास वर्षांत चार मालकांनी चार वेळा सुतारकाम केलेलं असतं, त्यामुळे आतल्या फर्निचरवरून साल ठरवायला जाऊ नका.

नवीकोरी दिसणारी टी-२ पाहिली, पुढे काळी जाळी होती. बनावट?

बनावट नाही, ब्राझीलची. तिथे टी-२ चं उत्पादन २०१३ पर्यंत चालू होतं. शेवटच्या काही वर्षांत पाण्याने थंड होणारं इंजिन बसवलं, त्याचा रेडिएटर पुढे आला, आणि तीच ती काळी जाळी.

इंग्लंडमध्ये लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कनात दिसली, टप आडवा उघडलेला.

डोरमोबिल. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीचं काम. बिजागरी लांबीच्या बाजूला असते, म्हणून समोरून बघितलं की गाडीनं टोपी तिरपी घातल्यासारखी दिसते. हा टप फोक्सवॅगनवरच नाही, इतरही ब्रिटिश व्हॅनवर बसवलेला सापडतो. म्हणजे डोरमोबिल दिसली म्हणून गाडी फोक्सवॅगन असेलच असं नाही.

टी-३ आणि व्हॅनागन वेगळ्या का?

एकच. १९७९ मध्ये आलेली चौकोनी ठोकळ्यासारखी व्हॅन. अमेरिकेत तिला व्हॅनागन म्हणायचे. इंजिन अजून मागेच. वेस्टफालियाचा टप मागे जोडलेला, पुढून वर होणारा, पुढे सामानाचा ट्रे.

सुरुवातीच्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. १९८३ च्या मॉडेलपासून पाण्यावर. खूण समोरच आहे: दिव्यांच्या मधल्या जाळीखाली, बंपरच्या जरा वर दुसरी जाळी असेल तर आत रेडिएटर आहे. डिझेललाही ती खालची जाळी असते, म्हणून 'खालची जाळी म्हणजे पाण्याचं पेट्रोल इंजिन' असं पाठ करू नका.

नावांचा घोळ इथून सुरू होतो. जर्मनीत हिला 'जोकर' म्हणून विकलं, १९८८ मध्ये 'कॅलिफोर्निया' आली. काही जोकर पॉप-टॉप आहेत आणि काहींना कायमचा उंच टप आहे. नुसतं 'जोकर आहे' कळवून मला काही सांगता येत नाही.

शेगडी असलेली आणि नसलेली, बाहेरून ओळखता येते?

टी-३ मध्ये येते. डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या पूर्ण कॅम्परच्या डाव्या कुशीवर पाणी भरायचं झाकण, विजेच्या जोडणीचं झाकण आणि फ्रिजची जाळी असते. ती कुस सपाट, कोरी असेल तर बहुधा 'वीकेंडर': टप आहे, अंथरूण आहे, स्वयंपाकघर नाही.

सिंक्रो म्हणजे?

चारही चाकांना जोर असलेली टी-३, १९८५ पासून. ऑस्ट्रियात ग्राझला श्टायर-डेमलर-पुखनं बांधलेली. जमिनीपासून जरा उंच दिसते, पण उंच स्प्रिंगा कुणीही टाकतं. चासी नंबर बघा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

टी-४ आणि अमेरिकेतली युरोव्हॅन?

टी-४ मध्ये १९९० साली इंजिन पुढे आलं, म्हणून गाडीला नाक फुटलं. युरोपातली टी-४ कॅलिफोर्निया वेस्टफालियानं केलेली. अमेरिकेत मात्र दोन वेगळ्या गाड्या भेटतात: लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), स्वयंपाकघर असलेली युरोव्हॅन कॅम्पर विनेबागो या अमेरिकन कंपनीनं बांधली, आखूड, स्वयंपाकघर नसलेली वीकेंडर वेस्टफालियाची. न्यू जर्सीच्या पुतण्याला हे तीनदा सांगून झालंय.

'कॅलिफोर्निया बुक केली' म्हणजे सगळं आलं ना?

नाही आलं! हे मी फार महागात शिकले आहे.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही चौघं जर्मनीत होतो. मामेभावानं फोनवर सांगितलं, कॅलिफोर्निया बुक केली. मी ठाण्याहून दोन किलो जाडे पोहे, मेतकूट, फोडणीचा डबा, सगळं घेऊन गेले होते. गाडी हातात आली, सुंदर, पांढरी. सरकतं दार ओढलं, शेगडीवर चहा टाकावा म्हणून डावीकडे वळले, तर तिथे ओटाच नव्हता. भिंत. खिडकी. तिच्याखाली कप ठेवायचा खळगा. मोहरीचा डबा हातात घेऊन मी त्या खळग्याकडे बघत उभी. मागे नवरा विचारतोय, 'काय झालं? पाणी नाहीये का?'

ती 'बीच' होती. टी-६ च्या काळात कॅलिफोर्नियाचे तीन अवतार होते. 'बीच' म्हणजे टप आणि झोपायची सोय, बसायला जास्त माणसं, पण स्वयंपाकघर नाही. 'कोस्ट'मध्ये स्वयंपाकघर, टप हाताने उचलायचा. 'ओशन'मध्ये स्वयंपाकघर आणि टप बटणावर, हायड्रॉलिकने वर जाणारा. भावानं जे बुक केलं तेच मिळालं होतं. दुकानदाराची काही चूक नव्हती, आम्हीच नाव वाचलं आणि पुढचा शब्द वाचला नाही. त्या रात्री मी टोमॅटोच्या रसात पोहे भिजवून दडपे पोहे केले. ओला नारळ कुठला मिळायला. पोरांनी खाल्ले; भाऊ अजून त्यावर बोलत नाही.

ओळखायचं असं: डाव्या बाजूच्या खिडक्यांतून आत डोकवा. कपाटाची पाठ किंवा ओट्याची कड दिसली तर कोस्ट किंवा ओशन. आत बघून मागच्या बाकापर्यंत मोकळं दिसलं तर बीच. टी-६.१ मध्ये, म्हणजे टी-६ च्या सुधारित आवृत्तीत, बीचचेच दोन प्रकार झाले आणि त्यातल्या 'बीच कॅम्पर'ला बाहेर ओढायची छोटी शेगडी मिळाली, म्हणजे आता तर तिसरा शब्दही वाचायला हवा. २०२४ मध्ये आलेली नवी कॅलिफोर्निया फोक्सवॅगनच्याच मल्टीव्हॅन या प्रवासी गाडीवर बांधलेली आहे. दोन्ही कुशींना सरकती दारं दिसली की ती बहुधा नवी.

टी-५ वर टप आहे म्हणजे ती कॅलिफोर्नियाच?

अजिबात नाही. वेस्टफालियाचा कॅम्परचा धंदा डेमलरक्रायस्लरकडे गेल्यावर टी-५ पासून फोक्सवॅगननं हॅनोव्हरला स्वतःच कॅलिफोर्निया बांधायला घेतली. पण साध्या मालवाहू ट्रान्सपोर्टरचा पत्रा कापून बाहेरचा टप बसवणारे गॅरेजवाले इंग्लंड-जर्मनीत पैशाला पासरी. त्यात वाईट काही नाही. काही काम तर फार सुबक असतं. फक्त किंमत कॅलिफोर्नियाची देऊ नका. टी-५ वर फोक्सवॅगननं बसवलेला विजेवर चालणारा टप अ‍ॅल्युमिनियमचा आहे, बाहेरचे बहुतेक फायबरचे. बोटांनी टकटक करून बघा: स्टीलच्या ताटलीचा आणि प्लॅस्टिकच्या टबाचा आवाज घरात सगळ्यांनाच ओळखू येतो.

माझदा बोंगोचं काय?

न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये भरपूर दिसते. बोंगो फ्रेंडी, १९९५ ते २००५, जपानी, उजव्या हाताचं स्टिअरिंग. बटणावर वर होणारा टप कारखान्यातूनच आलेला असतो, 'ऑटो फ्री टॉप' म्हणतात त्याला. पण सपाट छताच्या बोंगोही असतात. फोर्ड फ्रेडा नावाची दिसली तर तीच गाडी, बिल्ला वेगळा.

चासी नंबरवरून कळतं का?

फोक्सवॅगनच्या सतरा अक्षरी नंबरात चांगलं कळतं. सातवं-आठवं अक्षर बघा: २५ म्हणजे टी-३, ७० म्हणजे टी-४, ७एच म्हणजे टी-५ (टी-६ लाही तेच). दहावं अक्षर मॉडेलचं साल: डी १९८३, जी १९८६, एल १९९०. अकरावं कारखान्याचं: एच असेल तर हॅनोव्हर, जी असेल तर ग्राझ. टी-३ च्या नंबरात अकरावं जी दिसलं की सिंक्रोची आशा धरायला हरकत नाही. दहाव्या आणि अकराव्या जीमध्ये गल्लत करू नका. मी केली आहे. मात्र टप कुणाचा हे हा नंबर सांगत नाही. त्यासाठी पुन्हा बिजागरीच.

मुलासाठी लेगोची घ्यायची आहे. कुठली कुठली?

२०११ चा १०२२० क्रमांकाचा संच टी-१, १३३४ तुकडे. २०२१ चा १०२७९ क्रमांकाचा टी-२, २२०७ तुकडे. दोन्हींचा टप उचलतो आणि दोन्हींना कापडी कनात आहे. फरक तोच, समोरची काच. मुलगा सहा वर्षांचा असेल तर बांधायचं काम तुमच्याकडेच येणार.

कनातीची काळजी?

छत्री ओली मिटवून कोपऱ्यात ठेवली तर चार दिवसांनी काय वास येतो, हे जुलैत ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. न्यूझीलंडमध्ये वानाकाच्या तळ्याकाठी रात्रभर पाऊस झाला, सकाळी निघायची घाई, आम्ही टप तसाच ओढून बंद केला. संध्याकाळी उघडला तर घडीच्या आतलं कापड थंडगार, ओलं, आणि वरच्या गादीवर तळहाताएवढा डाग. मग दोन टॉवेल घेऊन मी आत, नवरा बाहेर, दोघांनी दोन्हीकडून टिपत बसलो. ओला मिटवावा लागला तर मिटवा, पण मुक्कामी पोहोचल्या पोहोचल्या आधी टप उघडा, चहा नंतर. आणि मिटताना कनात आत ओढून घ्या. ती कैचीत अडकली की आपल्या डोळ्यांदेखत फाटते.

आपल्याकडे ट्रॅव्हलर किंवा ईकोवर असा टप बसवून मिळेल का?

मिळेल म्हणणारे भेटतात. वागळे इस्टेटमधल्या एका बॉडीवाल्याकडे मी स्वतः चौकशीला गेले होते. त्यांनी टपावर हात ठेवला, खालून वाकून खांब बघितले आणि म्हणाले, 'ताई, झाकण मी दोन दिवसांत करून देतो. पण हा पत्रा कापला की गाडी ढिली होणार. आधी आत चौकट मारायची, मग कापायचं. आणि पासिंगचं तुम्ही बघा.' इतकं सरळ उत्तर मला परदेशातल्या जाहिरातीत मिळालेलं नाही. छताचा पत्रा नुसतं ऊन अडवत नाही, गाडी वळताना तिला पीळ पडू देत नाही. म्हणूनच चांगल्या टपाच्या कडेनं जाड चौकट असते.

पासिंगचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून आधी एमएच-०४ असो की एमएच-४३, आपल्या आरटीओत लेखी विचारा, मग ग्राइंडर चालू करा. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. मी अजून लेखी अर्जाच्या पायरीवरच आहे, आणि येऊरला डबा घेऊन साध्या गाडीतून जाते.

फोटो पाठवायचा तर कसा पाठवू?

टप वर करून, बरोबर बाजूने, आख्खी गाडी येईल असा एक. दुसरा समोरून, इंडिकेटर दिसतील असा. तिसरा मागच्या दिव्यांचा. रस्त्यावर उभी असलेली गाडी असेल तर मालकाला विचारा आणि नंबर प्लेट झाका. आणि माणसांना जरा लांब उभं करा. मागच्या खेपेला हाइडलबर्गहून आलेल्या फोटोत बिजागरीच्या नेमकं पुढे काकांची टोपी होती.